जुन्यावर नवं ओतायचं नाही

२० मार्च २०२४ची रात्र. दिवसभर मांगरात पेट्या भरणं चालू होतं. पेंढा, आंबा, पुन्हा पेंढा, आणि हिशेबाची वही माझ्याकडे. हात धुतले तरी चिकाचा वास जात नव्हता. जेवून झाल्यावर अर्धा तास खेळावं म्हणून लॅपटॉप उघडला, तर गेम सुरू करून देणाऱ्या स्मॅपीची काळी खिडकी आली, तिच्यात लाल ओळी उतरल्या आणि सगळं तिथेच थांबलं. आमचं शेत उघडलंच नाही.

आमचं शेत म्हणजे स्टारड्यू व्हॅलीतलं, माझं आणि दादाचं. दादा बोटीवर असतो, इंजिनरूममध्ये. सहा-सात महिने तिकडे, तीन-चार महिने घरी. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तो घरी होता. आमची सात कलमं आडवी झाली आणि वीज किती दिवस नव्हती ते विचारू नका. वीज परत आली त्या आठवड्यात त्याने हा गेम घेतला. एरिक बरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून तो तयार केला आणि २६ फेब्रुवारी २०१६ला बाहेर आणला, हे दादाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पडकं शेत मिळतं, ते साफ करायचं, पेरायचं, मासे धरायचे. बाहेर अंगणात आडवी कलमं आणि आत पडद्यावर दोघं मिळून दगड फोडतोय, असे ते दिवस होते. तेव्हापासून एकच सेव्ह, म्हणजे साठवलेला डाव, आम्ही आळीपाळीने खेळतो. तो घरी असला की तो, बोटीवर गेला की मी. गेममधलं सहावं वर्ष चालू होतं.

लाल ओळींचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. गेमची १.६ ही मोठी आवृत्ती आली होती आणि लॅपटॉपने ती आपोआप उतरवून घेतली होती. आमचं स्मॅपी ३.१८ होतं, १.६ला ४.० लागतं. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच लिहिलेली, गेममध्ये भर घालणारी जोडणी, आणि स्मॅपी म्हणजे गेम आणि मॉड यांच्यामधला दुवा. गेम स्मॅपीतून सुरू करायचा आणि स्मॅपी मॉड्स फोल्डरात जे असेल ते गेमला जोडून देतं. त्याच्यावर आमचे ४३ मॉड उभे होते. दुवाच तुटला, मग बाकीच्यांचं काय विचारायचं.

दादाला मेसेज केला. बोटीवर रेंज मिळाली की उत्तर येतं, दोन दिवसांनी आलं. ‘मॉडशिवाय शेत उघडू नको गो. उघडलंस तरी झोपू नको. वही बघ.’

झोपू नको म्हणजे गेममधल्या माणसाला झोपवू नको. या गेममध्ये रात्री झोपलं की सेव्ह होतं. मॉडने आणलेल्या वस्तू, झाडं, जागा, सगळं सेव्हमध्ये लिहिलेलं असतं. मॉड नसताना तेच शेत उघडून झोपलं, की ज्या गोष्टी गेमला ओळखता आल्या नाहीत त्या बिघडलेल्या किंवा गळालेल्या अवस्थेतच नवी नोंद होते. शिवाय १.६मध्ये एकदा सेव्ह झालेलं शेत घेऊन मागे १.५वर जाता येत नाही. म्हणून मी ठरवलं, सीझन संपेपर्यंत हात लावायचा नाही. मे महिना पेट्यांमध्ये गेला. दुसरा फायदा असा झाला, की तेवढ्या वेळात मॉड लिहिणाऱ्यांनाही आपापलं काम १.६साठी सुधारायला सवड मिळाली. ही माणसं नोकऱ्या सांभाळून, फुकट हे काम करतात. गेम बदलला की त्याच रात्री त्यांनी आपल्यासाठी जागायला हवं, अशी अपेक्षा ठेवणं मला पटत नाही.

वही म्हणजे दादाची शंभर पानी वही. तिच्यात प्रत्येक मॉडला एक ओळ: नाव, आवृत्ती, कधी टाकला, आणि शेवटच्या रकान्यात कशावर अवलंबून. पहिल्या पानावर वर लिहिलेलं, ‘इन्स्टॉलर नको. हाताने.’ त्याचं कारण त्याने मला पूर्वी सांगितलं होतं. इंजिनरूममध्ये प्रत्येक व्हॉल्व्हला चिठ्ठी असते. कुठला पाइप कुठून कुठे जातो हे माहीत नसलेल्या माणसाने चक्र फिरवायचं नाही. मॉड मॅनेजर नावाचे प्रोग्रॅम मिळतात, ते सगळं आपोआप करतात, आणि ज्यांना सोयीचे वाटतात त्यांनी खुशाल वापरावेत. आमच्याकडे त्याची आणखी एक अडचण आहे. घरात मोबाइलची रेंज कधी एक काडी, कधी तीही नाही. फाइली उतरवायच्या तर सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, जायचं, फोनवर उतरवायच्या, खाली येऊन केबलने लॅपटॉपमध्ये घ्यायच्या. जो प्रोग्रॅम स्वतः नेटवर जाऊन फाइली आणतो, तो आमच्या घरात काय आणणार?

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बसले. सगळ्यात आधी सेव्ह.

विंडोजमध्ये रन उघडून ॲपडेटाचा पत्ता टाकला की स्टारड्यू व्हॅलीचा फोल्डर दिसतो आणि त्यात सेव्हज. आमच्या शेताचं नाव, पुढे एक लांबलचक आकडा, असा एक फोल्डर. त्याच्या आत त्याच नावाची एक फाइल, एक छोटी माहितीची फाइल, आणि दोन्हींच्या ‘ओल्ड’ लागलेल्या प्रती, म्हणजे आदल्या रात्रीच्या. तीन वर्षांचं शेत, आणि एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावलं. मी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या: पेन ड्राइव्ह, फोन आणि लॅपटॉपचाच दुसरा ड्राइव्ह. स्मॅपीबरोबर येणारा सेव्ह बॅकअप नावाचा मॉड शेवटच्या १० प्रती गेमच्या फोल्डरात झिप करून ठेवतो, त्याही बाजूला काढल्या. मग मॉड्सचा पूर्ण फोल्डर, आहे तसा, ‘मॉड्स जुने मार्च’ नावाने दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केला. ही कॉपी पुढे दोनदा माझ्या उपयोगी पडली.

आता मॉड म्हणजे हातात घेऊन बघितला तर काय असतो? एक फोल्डर. आत मॅनिफेस्ट डॉट जेसन नावाची छोटी फाइल असते, ती त्याची ओळखचिठ्ठी. नोटपॅडमध्ये उघडली की वाचता येते. आमच्या चेस्ट्स एनिव्हेअरच्या चिठ्ठीत नाव होतं, लेखक पॅथोसचाइल्ड, आवृत्तीचा आकडा, युनिक आयडी, कमीत कमी कुठलं स्मॅपी लागेल तो आकडा, आणि अपडेट कीज या शब्दापुढे ‘नेक्सस:५१८’. हा ५१८ म्हणजे नेक्सस मॉड्स या साइटवर, जिथे मॉड मिळतात, त्या मॉडच्या पानाचा क्रमांक. स्मॅपी सुरू होताना याच आकड्यावरून बघतं की नवी आवृत्ती आली आहे का, आणि आली असेल तर काळ्या खिडकीत तशी यादी देतं. म्हणजे नेट असेल तर. नेट नसताना मला तोच आकडा वहीत उतरवून न्यावा लागला.

४३ चिठ्ठ्या उघडल्या, ४३ ओळी नव्या पानावर लिहिल्या. सोपं पण वेळखाऊ काम आहे, आणि मला ते आवडलं. दादाने कुठला मॉड कधी आणि का टाकला असेल ते एकेका ओळीबरोबर आठवत गेलं. कोंबड्यांच्या नव्या रंगांचा माझ्या वाढदिवसाला. ट्रॅक्टरचा, तो पहिल्यांदा बोटीवर परत जाताना, मला एकटीला शेत जड जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही आणि पॉवर बँक घेऊन सड्यावर गेले. मिरगाचा पाऊस अजून टेकला नव्हता, पण समुद्रावरून काळं भरून येत होतं. कातळावर एक जागा आहे जिथून खाली खाडीचं तोंड दिसतं आणि फोनला चार काड्या मिळतात. प्रत्येक पानावर ‘फाइल्स’मध्ये जायचं. तिथे मुख्य फाइली वर असतात, मग ऐच्छिक, खाली जुन्या. मॅन्युअल डाउनलोड दाबायचं. दाबलं की तो मॉड आणखी कशावर अवलंबून आहे त्याची यादी समोर येते, ती घाईने पुढे ढकलू नका. मी प्रत्येक यादी वहीतल्या शेवटच्या रकान्याशी ताडून पाहिली. दोन मॉडना १.६साठी एक नवाच आधार-मॉड लागत होता, जो आमच्याकडे आधी नव्हता. तो तिथेच घेतला म्हणून बरं, नाहीतर फक्त त्याच्यासाठी पुन्हा चढ चढावा लागला असता. ३४ मॉडना नवी फाइल मिळाली. पाच जुन्याच फाइलीवर १.६मध्ये चालतात असं सुसंगततेच्या यादीत लिहिलेलं होतं. चार मॉडना काहीच नव्हतं, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

स्मॅपीला स्वतःचा इन्स्टॉलर आहे, आणि तो चांगला आहे. पण वहीच्या पहिल्या पानाला धरून मी तेही हातानेच केलं. स्मॅपीची झिप उलगडली की आत इंटर्नल, त्याच्या आत विंडोज, आणि तिथे इन्स्टॉल डॉट डॅट नावाची फाइल असते. ती खरी झिपच आहे, फक्त नाव वेगळं. शेवटचं डॅट काढून झिप लिहायचं आणि उलगडायची. मी लिहिलं, तरी ती उघडेना. पंधरा मिनिटं गेली. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे माझ्या फाइलचं नाव प्रत्यक्षात इन्स्टॉल डॉट झिप डॉट डॅट झालं होतं. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली तेव्हा ते दिसलं. ज्याला हाताने मॉड टाकायचे आहेत त्याने ही खूण पहिल्याच दिवशी करावी. जी फाइल दिसते तिचं पूर्ण नाव दिसायला हवं.

आतलं सगळं गेमच्या फोल्डरात टाकलं. तो फोल्डर शोधत बसावं लागत नाही. गेम चालवणाऱ्या स्टीम या प्रोग्रॅमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, मॅनेज, ब्राउज लोकल फाइल्स. मग एक बारीक पायरी राहते: गेमची डेप्स डॉट जेसन नावाने संपणारी फाइल आहे, तिची नक्कल करून तिला स्मॅपीचं नाव द्यायचं. प्रोग्रॅमला कुठल्या कुठल्या लायब्ऱ्या लागतात त्याची ती यादी आहे. स्टीममधून गेम सुरू केला की स्मॅपीच उघडावं अशी ओळ दादाने लाँच ऑप्शन्समध्ये कधीच लिहून ठेवली होती. स्मॅपी जागचं हललं नव्हतं, म्हणून तिला हात लावायचं कारण नव्हतं.

इथपर्यंत नीट झालं होतं. पुढे मॉड टाकताना मात्र माझं चुकलं. अपडेट म्हणजे नवं आणून जुन्याच्या जागी ठेवणं, असं मला वाटत होतं. झिप उलगडायची, मॉड्समध्ये कॉपी करायची, विंडोजने ‘रिप्लेस करू का’ विचारलं की हो म्हणायचं. तसे दहा-बारा मॉड टाकले. मग खऱ्या शेताला धक्का नको म्हणून ‘टेस्ट’ नावाचं नवंच शेत काढलं आणि गेम सुरू केला. काळ्या खिडकीत लाल ओळींचा एक ठोकळा, त्याखाली पिवळ्या ओळी. मोठ्या मॉडच्या नव्या आवृत्तीत लेखकाने फोल्डरांची मांडणीच बदलली होती. नवे फोल्डर नव्या नावाने आले होते आणि जुने जुन्या नावाने तिथेच राहिले होते, कारण त्यांच्या नावाचं नवं काही नव्हतंच. रिप्लेस फक्त एकाच नावाच्या फाइलींना होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जी फाइल लेखकाने काढून टाकली, ती माझ्याकडे मागे उरली आणि नव्या फाइलींमध्ये मिसळली. एकाच मॉडच्या दोन प्रती दिसल्या म्हणून स्मॅपीने त्या दोन्ही बाजूला ठेवल्या आणि तसं स्वच्छ लिहिलंही होतं: या मॉडच्या एकाहून जास्त प्रती आहेत, त्या काढून मॉड पुन्हा टाका.

दादाला स्क्रीनचा फोटो पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे. ‘जुन्यावर नवं ओतायचं नाही गो. तेल बदलतो तेव्हा आधी जुनं काढतो ना? फोल्डर पूर्ण काढ, मग नवा ठेव.’

मी सगळं परत घेतलं. मॉड्स फोल्डर रिकामा केला, दुसऱ्या ड्राइव्हवरची मार्चची कॉपी होतीच. एकेक मॉड नवा, रिकाम्या जागेत. नियमाला एक अपवाद सापडला: काही पानांवर मुख्य फाइलीखाली ‘अपडेट फाइल्स’ असतात, त्या छोट्या असतात आणि मुख्य फाइलीवरच टाकायच्या असतात. तसं असलं की पानावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर जुनं पूर्ण काढायचं.

या वेळी लाल काही नव्हतं, पण एक मॉड गेममध्ये दिसेना. समुद्रकिनाऱ्याचे रंग बदलणारा छोटा पॅक आहे, तो दादाला फार आवडतो. खिडकीत चूक नाही, सूचना नाही, आणि किनारा मात्र मूळ रंगाचा. दोन दिवस मी त्याच्या फाइली उलटसुलट केल्या. शेवटी वही काढली आणि मोजलं. स्मॅपी सुरू होताना किती मॉड आणि किती कंटेंट पॅक, म्हणजे दुसऱ्या मॉडच्या आधाराने चालणारे मॉड, चढले तो आकडा देतं आणि खाली नावांची यादी. वहीशी ताडलं तर पॅकमध्ये एक कमी. तो कंटेंट पॅचर या आधार-मॉडवर चालणारा पॅक होता, म्हणून मी तो कंटेंट पॅचरच्याच फोल्डरात नेऊन ठेवला होता. मला ते तर्काला धरून वाटलं होतं. पण स्मॅपीला एका फोल्डरात ओळखचिठ्ठी सापडली की तो एक मॉड. त्याच्या पोटात आणखी शोधायला ते जात नाही. पॅक बाहेर काढून शेजारी ठेवला आणि किनारा पुन्हा संध्याकाळच्या रंगाचा झाला. फोल्डरांचे गट करायला हरकत नाही. ‘दिसणं’, ‘सोय’, ‘नवीन गावं’ असे रिकामे फोल्डर करून त्यात मॉड ठेवता येतात, मी आता तसेच ठेवते. फक्त एका मॉडच्या आत दुसरा नको.

मग कॉन्फिगचं प्रकरण. आमच्या लॅपटॉपची ‘बी’ची कळ दोन वर्षांपासून चालत नाही. खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही, कळ कुठून टिकणार. आणि चेस्ट्स एनिव्हेअर, ज्याने शेतात कुठेही उभं राहून कुठलीही पेटी उघडता येते, तो ‘बी’ दाबल्यावर चालतो. दादाने तो ‘व्ही’वर नेला होता. मॉड पहिल्यांदा चालला की स्वतःच्या फोल्डरात कॉन्फिग डॉट जेसन नावाची फाइल तयार करतो. आपण केलेले सगळे बदल तिच्यात राहतात. मी जुना फोल्डर पूर्ण काढला, त्याबरोबर ती फाइलही गेली. नव्या फोल्डरात नवी कॉन्फिग आली, पुन्हा ‘बी’ घेऊन. म्हणजे दादाच्या सूचनेला एक शेपूट होतं: फोल्डर काढ, पण आतली कॉन्फिग आधी बाजूला ठेव.

मी त्याला ‘काय लिहू’ असं विचारलं. त्याने फोनवर ती ओळ टाइप करून पाठवली, टॉगल, पुढे अवतरणात व्ही. मी ती मेसेजमधून उचलून फाइलमध्ये चिकटवली. गेम सुरू केला तर मॉड चढेनाच. लाल ओळीत लिहिलं होतं की मजकुरात वळणदार अवतरणचिन्हं सापडली, जेसनमध्ये फक्त सरळ चालतात. नोटपॅडमध्ये अक्षर मोठं करून पाहिलं. खरंच, फोनने छान दिसावं म्हणून अवतरणचिन्हं आपणहून वळवली होती, सुरुवातीचं एका बाजूला, शेवटचं दुसऱ्या बाजूला. खोडली, कीबोर्डवरून सरळ टाकली, आणि पेटी ‘व्ही’वर उघडली. चूक एवढ्या नेमक्या शब्दांत सांगणारा प्रोग्रॅम मी दुसरा पाहिलेला नाही. लाल रंग बघून घाबरायचं नाही, ओळ पूर्ण वाचायची, हे मी तेव्हापासून पाळते. बाकीच्या मॉडच्या कॉन्फिग मार्चच्या कॉपीतून आणल्या. ज्यांची आवृत्ती फार पुढे गेली होती त्यांच्या मात्र आणल्या नाहीत, नव्या होऊ दिल्या आणि हवे ते आकडे हाताने बदलले.

आता ते चार मॉड, ज्यांना नवी फाइल नव्हती. इथे मी घाई केली नाही. मॉड काढताना विचारायचा प्रश्न एकच: याने सेव्हमध्ये काही लिहिलं आहे का? नुसतं रूप बदलणारा, चेहरे, रंग, भिंती, असा मॉड निघाला तर मूळ चित्र परत येतं, शेताला काही होत नाही. असे दोन होते, सोडून दिले. पण वस्तू किंवा नवी जागा आणणारा मॉड काढला की त्याच्या वस्तू गेमला ओळखता येत नाहीत, त्या ‘एरर आयटम’ होऊन बसतात, आणि त्या जागेत ठेवलेलं सामान हाताशी राहत नाही. उरलेले दोन त्या जातीचे होते. त्यांच्यासाठी खरं शेत न उघडता थांबले. एकाला जुलैत मूळ लेखकाची नवी फाइल आली. दुसऱ्याचा लेखक दोन वर्षांत फिरकला नव्हता. दुसऱ्या कुणीतरी, त्याच्या परवानगीने, तो १.६साठी सुधारून ठेवला. त्या माणसाला मी ओळखत नाही. पानावर आभार लिहून आले.

जुलैच्या मध्याला एवढं सगळं जागच्या जागी बसलं आणि तरी एक खोट राहिली. टेस्टच्या शेतात खानावळीत पाऊल टाकलं की गेम गोठायचा. लाल ओळ नाही. मग अर्ध्या-अर्ध्याची रीत. फोल्डरच्या नावापुढे एक टिंब टाकलं की स्मॅपी तो फोल्डर सोडून देतं. बाहेर न्यायची गरज नाही. निम्म्या मॉडना टिंब, गेम सुरू, खानावळ. गोठला म्हणजे दोषी उरलेल्या निम्म्यात. त्यांच्या निम्म्यांना टिंब, पुन्हा. फक्त कंटेंट पॅचरसारख्या आधार-मॉडना कधी टिंब द्यायचं नाही, नाहीतर त्यांच्यावर अवलंबून असलेले सगळेच गळतात आणि उत्तर खोटं येतं. ४० च्या वर मॉड असले तरी सहा फेऱ्यांत एकावर येता येतं. आमच्या चार फेऱ्या झाल्या आणि वीज गेली. बाहेर धो धो. आई आतून म्हणाली, ‘लाइट येवची नाय आता, झोप.’ मी कुठल्या मॉडना टिंब आहे ते मेणबत्तीच्या उजेडात वहीत लिहून ठेवलं आणि मग झोपले. सकाळी दोन फेऱ्यांत सापडला: घरांच्या आतल्या सजावटीचा एक पॅक, जुन्या नकाशांवर बेतलेला. त्याची १.६ची फाइल पानावर होती, पण ऐच्छिक फाइलींत. मी सड्यावर फक्त मुख्य फाइली बघितल्या होत्या.

खरं शेत मी २१ जुलैला उघडलं. रविवार होता. स्मॅपीने मोजून दाखवलं, वहीशी जुळलं, लाल काही नाही. शेत आलं. तळं होतं, कोंबड्या होत्या त्या रंगांच्या, ट्रॅक्टर शेडमध्ये. मी लगेच दक्षिणेच्या कुंपणाकडे गेले, जिथे आमचा आंबा आहे. या गेममध्ये आंबा आहे, पण तो असाच मिळत नाही. आले-बेटावरच्या व्यापाऱ्याला ७५ शिनाणे, म्हणजे शिंपले, दिले की तो रोप देतो. ते ७५ शिनाणे दादाने एका सुट्टीत गोळा केले होते. रोप २८ दिवसांत मोठं होतं आणि उन्हाळाभर रोज एक फळ देतं. आमच्या खऱ्या कलमाला धरायला चार-पाच वर्षं लागतात, वादळानंतर लावलेली सात अजून धरायची आहेत. गेममध्ये उन्हाळा चालू होता. झाडावर तीन आंबे होते, तीनच मावतात. काढले, घरी गेले, माणसाला झोपवलं. सेव्ह झालं. मग लगेच बाहेर येऊन त्या नव्या सेव्हची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.

एक गोष्ट मनात राहिली आहे. मॉडच्या फोल्डरांत भाषांतराचा एक फोल्डर असतो, त्यात स्पॅनिश, जपानी, तुर्की अशा फाइली. गेमच १२ भाषांत आहे, मराठी त्यात नाही. मासेमारीचा, शेतीचा, पावसाचा गेम, आणि त्यात पेज, चूल, खाडी हे शब्द नाहीत. ते फोल्डर बघताना दर वेळी मला हे जाणवतं.

गणपतीला, ७ सप्टेंबरच्या आधी दोन दिवस, दादा घरी आला. रात्री आरास करून झाल्यावर पडवीत लॅपटॉप घेऊन बसला. काही विचारलं नाही. काळी खिडकी वरपासून खालपर्यंत वाचली, वहीतलं माझं पान उघडलं, बोट फिरवत एकेक ओळ ताडली. अर्धा तास गेला असेल. मग ‘व्ही’ दाबलं.

४ नोव्हेंबरला १.६.९ आली तेव्हा तो परत बोटीवर होता. नवं स्मॅपी लागलं, सात मॉड बदलावे लागले. सड्यावर एक फेरी आणि घरी पाऊण तास. वहीच्या पानाचा फोटो त्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं.

‘कॉन्फिग ठेवलंस?’

‘ठेवलंय.’